‘ई-डी’चे तीन उच्चार आणि आपली वर्णमाला

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शाळा सुरू झाल्या की मराठी दैनिकांत ‘इंग्रजी बोलू या’ धर्तीची सदरे सुरू होतात. आपल्याकडेही होतात. इंग्रजी शब्द, शेजारी देवनागरीत उच्चार, त्यापुढे अर्थ अशी त्यांची ठरलेली मांडणी. गाइडांतही हेच तीन रकाने. अर्थाच्या रकान्याबद्दल आमची तक्रार नाही. उच्चाराच्या रकान्यात मात्र शब्दाचे डोके बरोबर आणि शेपटी चुकलेली, असा प्रकार फार: ‘वॉक्ड’, ‘आस्क्ड’, ‘वॉशेड’, ‘व्हिलेज’, ‘क्लायमेट’, ‘कम्फर्टेबल’. हे पत्र त्या शेपट्यांपुरते आहे. सुरुवात ई-डीपासून करतो. (ईडी म्हटले की हल्ली वाचकांना भलतेच काही आठवते, इथला ईडी व्याकरणातला आहे.)

भूतकाळी क्रियापदाला लागणारा हा प्रत्यय लिहायला एक आणि बोलायला तीन आहेत: ‘ट्’, ‘ड्’ आणि ‘इड्’. मूळ क्रियापदाचा शेवटचा आवाज कठोर असेल तर ट् लागतो: वॉक्ट्, स्टॉप्ट्, लाफ्ट्, वॉश्ट्, वॉच्ट्, मिस्ट्. तो मृदू असेल, अनुनासिक असेल किंवा स्वर असेल तर ड्: रब्ड्, बेग्ड्, लिव्ह्ड्, कॉल्ड्, ओपन्ड्, प्लेड्, ट्राइड्. आणि क्रियापद मुळातच ट् किंवा ड् वर संपत असेल तर दोन सारखे आवाज एकमेकांत विरून जाऊ नयेत म्हणून मध्ये इ येतो: वॉन्टिड्, वेटिड्, नीडिड्, एंडिड्. एवढाच नियम. ‘वॉकेड’, ‘वॉशेड’, ‘लाफेड’ असे एक जादा अक्षर लावून बोलायला इंग्रजीत जागाच नाही, ती फक्त या ट-ड वाल्यांना आहे.

कठोर आणि मृदू हे शब्द आम्ही मुद्दाम वापरले. इंग्रजीच्या पुस्तकात हाच भेद वेगळ्या नावाने येतो आणि मुलांना वाटते, हे काहीतरी नवीन. वास्तविक ज्या मुलाला आपली वर्णमाला येते त्याच्याकडे हा नियम तयार आहे. क-ख, च-छ, ट-ठ, त-थ, प-फ या प्रत्येक वर्गातल्या पहिल्या जोड्या कठोर. ग-घ, ज-झ अशा दुसऱ्या जोड्या मृदू. श, ष, स कठोर. य, र, ल, व मृदू. इंग्रजी ‘एफ’ कठोरांत घाला, ‘व्ही’ मृदूंत. रोमन लिपीच्या ए-बी-सी-डीत असली काही व्यवस्था नाही. तिथे बी, सी, डी शेजारी का बसलेत याचे उच्चाराच्या दृष्टीने काहीही कारण देता येत नाही. त्यामुळे इंग्रज मुलाला जे पाठ करावे लागेल ते मराठी मुलाने तक्त्यात बोट ठेवून दाखवावे.

आणखी पुढे जाऊन सांगायचे तर हा चक्क व्यंजनसंधी आहे. विपद् + काल = विपत्काल, वाक् + ईश्वरी = वागीश्वरी, अप् + ज = अब्ज ही उदाहरणे मराठीच्या तासाला पाठ होतातच. कठोर आणि मृदू एका घरात नांदत नाहीत, एकाला दुसऱ्यासारखे व्हावे लागते, हे तत्त्व दोन्हीकडे सारखे आहे. फरक दिशेचा आहे. संस्कृतात मागून येणारा पुढच्याला बदलतो: ‘काल’मधल्या क ने आधीच्या द् चा त् केला. इंग्रजी ई-डीत उलटे होते. ‘वॉक’चा क् जागचा हलत नाही, तो मागून आलेल्या ड् लाच ट् करतो. मराठी तोंडाची चूक नेमकी इथे होते. छापलेले ‘वॉक्ड’ जसेच्या तसे म्हणून पाहा. क् आणि ड् सलग म्हणणे जिभेला जवळपास अशक्य आहे, म्हणून दोहोंपैकी एक होते: एकतर आपल्या सवयीच्या दिशेने संधी होऊन ‘वॉग्ड’ (आणि ‘स्टॉब्ड’), नाहीतर मध्ये स्वर शिरून ‘वॉकड’. म्हणजे गाइडातल्या रकान्यात जो उच्चार छापला आहे तो कोणीच करत नाही, छापणाराही नाही.

आता पाय मोडलेल्या अक्षराविषयी. मराठीत ‘घर’ म्हणताना शेवटचा अ आपण गिळतो, पण शब्द जोडाक्षरावर संपला की तो अ ऐकू येतो: शब्द, कष्ट, वस्त्र, धर्म. ही सवय आपण इंग्रजीत घेऊन जातो. ‘आस्क्ट’ असे छापले की वाचणारा ‘आस्क्ट-अ’ म्हणतो आणि पुन्हा एक जादा अक्षर तयार होते. म्हणून सदरात ‘आस्क्ट्’ असा हलन्त ट् छापावा. छपाईला हा एक काना-मात्रेएवढा प्रश्न आहे, वाचणाऱ्याच्या जिभेला मात्र त्याने अर्धे काम सोपे होते.

‘आस्क्ट्’सारखी तीन व्यंजनांची शेपटी जमत नसेल तर शब्द पुढून नव्हे, मागून जोडावा. आधी नुसता ट्, मग क्ट्, मग स्क्ट्, शेवटी आस्क्ट्. प्रत्येक पायरीला पाच-सहा वेळा. पुढून सुरुवात केली की तोंड ‘आस्क’वर थांबते, श्वास घेते आणि मग प्रत्यय वेगळा चिकटवते, ‘आस्क-एड’ हे तिथून निघते. दुसरी युक्ती म्हणजे पुढे स्वराने सुरू होणारा शब्द ठेवणे. ‘वॉक्ट् इन’ हे ‘वॉक्टिन’ असे म्हणा, ‘स्टॉप्ट् ॲट’ हे ‘स्टॉप्टॅट’. ट् पुढच्या स्वरावर जाऊन बसतो आणि जोडाक्षराचा ताण उरत नाही. हे काही सोय म्हणून केलेले अशुद्ध बोलणे नव्हे, इंग्रज असेच बोलतात. ‘आस्क्ट्’मधला क् तर तेही घाईत सोडून देतात आणि ‘आस्ट्’ म्हणतात. क् गेला तरी चालतो, ट् गेला तर काळच बदलतो.

नियम आवाजाचा आहे, अक्षराचा नाही, हे मुलांना पुन:पुन्हा सांगावे लागते. ‘फिक्स’च्या स्पेलिंगमध्ये शेवटी एक्स आहे, पण आवाज क्स् चा, म्हणून फिक्स्ट्. बँकांच्या पाटीवरचे ‘फिक्स्ड डिपॉझिट’ इंग्रजीत ‘फिक्स्ट्’ आहे. ‘लाफ’च्या शेवटी जी-एच दिसतात, ऐकू येतो फ्, म्हणून लाफ्ट्. ‘डान्स’ आणि ‘रेझ’ या दोहोंच्या शेवटी स्पेलिंगात ई आहे. त्या ई चा काही संबंध नाही. पहिल्याचा आवाज स्, म्हणून डान्स्ट्. दुसऱ्याचा मृदू, म्हणून रेझ्ड्. ‘यूझ्ड्’ म्हणजे वापरलेले, पण ‘पूर्वी करत असे’ या अर्थाने ‘यूस्ट् टू’. तिथे पुढच्या ट ने मागचे सगळे कठोर करून टाकले. म्हणजे ही एक जागा अशी की इंग्रजीने आपल्या संधीची दिशा घेतली.

काही जुनी विशेषणे या नियमाला दाद देत नाहीत, त्यांत इड् टिकून आहे: नेकिड्, विकिड्, रगिड्, क्रुकिड्, सेक्रिड्. ‘लर्न्ड्’ म्हणजे शिकला, पण ‘लर्निड्’ म्हणजे विद्वान. ‘एज्ड् टेन’ म्हणजे दहा वर्षांचा, पण ‘ॲन एजिड् मॅन’ म्हणजे वृद्ध. आणि पुढे ‘ली’ लागला की कधी कधी लपलेला इ बाहेर येतो: अलेज्ड्, पण अलेजिड्ली, मार्क्ट्, पण मार्किड्ली. वृत्तवाहिन्यांवर ‘अलेज्डली’ पदोपदी ऐकू येते.

या विशेषणांत उरलेला स्वर एकेकाळी सगळ्याच ई-डीत होता. तो गळू लागला तेव्हा इंग्लंडातही कुरकुर झाली. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’चा लेखक जोनाथन स्विफ्ट याने १७१२ साली एका मोठ्या सरदाराला लिहिलेल्या जाहीर पत्रात कवींवर ठपका ठेवला की हे लोक स्वर खाऊन शब्द कर्कश करताहेत. तक्रार वाया गेली, स्वर गळालाच. स्पेलिंग तेवढे जुन्या घराच्या पाटीसारखे राहिले. आपण ती पाटी वाचून आत गेलेल्या माणसाला हाका मारतो आहोत.

अनेकवचनाच्या आणि ‘ही गोज’च्या एस् ला हाच नियम लागतो. कठोरापुढे स् (कॅट्स्, बुक्स्, कप्स्), मृदू आणि स्वरांपुढे झ् (डॉग्झ्, बॅग्झ्, पेन्झ्, डेझ्), आणि स्, झ्, श्, च्, ज् यांच्यापुढे इझ् (बसिझ्, वॉचिझ्, पेजिझ्). हा नियम कोणी इंग्रज आई मुलाला शिकवत नाही. १९५८ मध्ये जीन बर्को या अमेरिकन संशोधक बाईंनी चार ते सात वर्षांच्या मुलांना एका कल्पित प्राण्याचे चित्र दाखवले, त्याचे नाव ‘वग’ असल्याचे सांगितले आणि दोन असतील तर काय म्हणाल असे विचारले. जगात नसलेल्या शब्दाचे अनेकवचन बहुतेक मुलांनी बिनचूक ‘वग्झ्’ केले. अडखळली ती ‘इझ्’वाल्या शब्दांत. म्हणजे तिसरी शेपटी इंग्रज मुलांनाही उशिरा येते. आपल्या मुलांना पहिल्या महिन्यात आली नाही तर छडी उगारायचे कारण नाही.

इथे ‘झ’ हे अक्षर आम्ही नाइलाजाने वापरतो आहोत. तो ‘माझा’मधला झ आहे, ‘झेंडा’मधला नव्हे, आणि त्यातला हकारही काढून टाकायचा आहे. ‘बाजू’ आणि ‘जोर’मधला ज त्याच्या सर्वांत जवळ. फरक इतकाच की ‘बाजू’ म्हणताना जिभेचे टोक क्षणभर दातामागे टेकते आणि मग सुटते. इंग्रजी झ् मध्ये ते टेकत नाही, स् सारखीच फट राहते. म्हणून झ् शिकवायचा तर ज पासून नव्हे, स् पासून. लांब स्स्स् म्हणा, दोन्ही कान तळहातांनी बंद करा आणि जीभ तिळभरही न हलवता गुणगुणणे सुरू करा. कानात भुंगा फिरल्यासारखा आवाज घुमला की तो झ्. भुंगा थांबला की स्. वर्गात चाळीस मुलांनी एकदम कान बंद करून हे केले की गोंगाट होतो खरा, पण पाच मिनिटांत निम्म्यांना जमते.

सर्वांत जास्त चुका अवघड शब्दांत नव्हे, रोजच्या शब्दांत होतात. इझ्, वॉझ्, हॅझ्, हिझ्, ॲझ्, डझ्, बिकॉझ्, दीझ्, ऑल्वेझ् यांच्या शेवटी स्पेलिंगात एस् किंवा एस-ई आहे आणि उच्चारात झ्. उलट धिस, अस, यस, बस यांत खरा स्. ‘हाउस’ एकवचनी स् चे, पण त्याचे अनेकवचन ‘हाउझिझ्’, दोन्ही झ् मृदू. नाम किंवा विशेषण क्रियापदापासून वेगळे करायलाही हीच जोडी कामाला येते: यूस म्हणजे उपयोग, यूझ् म्हणजे वापरणे, अड्व्हाइस म्हणजे सल्ला, अड्व्हाइझ् म्हणजे सल्ला देणे, क्लोस म्हणजे जवळचा, क्लोझ् म्हणजे बंद कर.

ज्यांना काही केल्या झ् जमत नाही त्यांच्यासाठी एक पळवाट आहे. इंग्रज माणूस शेवटचा झ् पुरता घुमवत नाहीच. ऐकणारा ओळखतो तो त्याच्या आधीच्या स्वराच्या लांबीवरून. ‘प्राइस’ म्हणजे किंमत, यात ‘आइ’ तोकडा. ‘प्राइझ्’ म्हणजे बक्षीस, यात तोच ‘आइ’ जवळजवळ दीडपट ताणलेला. बॅक आणि बॅग, आइस आणि आइझ् यांतही तसेच. ऱ्हस्व-दीर्घावर वाद घालण्यात हयात गेलेल्या मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये.

आता ज्या शेपट्यांत व्यंजन नव्हे, स्वर चुकतो त्यांच्याकडे वळू. इथे आपल्याच भाषेने एक गंमत करून ठेवली आहे. तिकीट, पाकीट, जाकीट, मिनिट, बिस्किट हे शब्द मराठीत आले तेव्हा ते कानाने आले. घेणाऱ्यांना स्पेलिंग ठाऊक नव्हते, ऐकले तसे त्यांनी म्हटले, आणि इंग्रज खरोखर ‘टिकिट’, ‘पॅकिट’, ‘जॅकिट’च म्हणतात. पुढे शाळा वाढल्या, शब्द डोळ्यांनी येऊ लागले आणि मग आले रॉकेट, मार्केट, बकेट, क्रिकेट. यांतले ‘केट’ स्पेलिंगातून आलेले आहे. बोलण्यात रॉकिट, मार्किट, बकिट, क्रिकिट. खेड्यातला म्हातारा ‘सर्टिफिकीट’ म्हणाला की पोरे हसतात. तो त्यांच्या ‘सर्टिफिकेट’पेक्षा इंग्रजीच्या जास्त जवळ आहे. एसटी स्टँडवरचा ‘पॅशिंजर’ही तसाच: श सोडला तर मधला ‘इं’ अगदी बरोबर, पांढरपेशा ‘पॅसेंजर’मधला ‘सें’ चूक.

कारण असे की इंग्रजीत ज्या अक्षरावर आघात (म्हणजे उच्चाराचा जोर) नाही त्याचा स्वर पुरता उच्चारला जात नाही, तो आखडून इ किंवा अ होतो. शेपटीवर आघात क्वचितच असतो, म्हणून शेपटीचा स्वर बहुधा आखडलेला. ए-जी-ई वर संपणारे बहुतेक शब्द ‘इज’ वर संपतात: व्हिलिज, मेसिज, डॅमिज, मॅनिज, इमिज, लँग्विज, पॅकिज. जिथे आघात शेपटीवर आहे तिथे स्वर पुरता येतो, जसे एंगेज. मसाज आणि मिराज हे फ्रेंच पाहुणे, त्यांचा ‘आ’ शाबूत.

ए-टी-ई ची गोष्ट याहून उपयोगाची, कारण तिथे स्वरावरून शब्दाची जात कळते. क्रियापद असेल तर पुरता ‘एट’, नाम किंवा विशेषण असेल तर ‘अट’. ‘सेपरेट’ म्हणजे वेगळे करणे, ‘सेप्रट’ म्हणजे वेगळा. ‘एस्टिमेट’ अंदाज करणे, ‘एस्टिमट’ अंदाज. ‘ग्रॅज्युएट’ पदवीधर होणे, ‘ग्रॅज्युअट’ पदवीधर. ज्यांना क्रियापदाचे रूपच नाही तेही बहुतेक ‘अट’: क्लायमट, चॉकलट, ॲक्युरट, कॉर्परट. कंपनीच्या पाटीवरच्या ‘प्रायव्हेट लिमिटेड’ या दोन शब्दांत दोन शेपट्या आहेत, आणि बोलताना त्या ‘प्रायव्हट लिमिटिड्’ होतात. ए-बी-एल-ई मध्ये तर ‘टेबल’ शोधूच नये: कम्फ्टबल, व्हेज्टबल, बोलताना दोन्हींचे तीनच तुकडे (कम्फ्-ट-बल, व्हेज्-ट-बल).

टी-आय-ओ-एन बद्दल फार लिहायला नको, ‘शन’ सगळ्यांना येतो. फक्त आधी स् असेल तर चन होतो (क्वेस्चन, सजेस्चन, डायजेस्चन). खरा घोळ एस-आय-ओ-एन चा. आधी न्, ल् किंवा जोड-एस् असेल तर शन: टेन्शन, पेन्शन, परमिशन. आधी स्वर असेल तर एक असा आवाज येतो जो मराठीत नाहीच: डिसिझन, टेलिव्हिझन, कन्क्लूझन. मेझर, प्लेझर, यूझुअली यांतही तोच. आपण त्याचा ज करतो किंवा ‘माझा’चा झ करतो, दोन्ही चूक. तो श् चा मृदू जोडीदार आहे. कृती मघाचीच: लांब श्श्श् म्हणा, कान झाका, जीभ आणि ओठ तिथेच ठेवून गुणगुणा. जीभ टाळूला चिकटली की ज झाला, टोक पुढे दातांकडे सरकले की झ झाला. चिकटू द्यायची नाही आणि सरकू द्यायची नाही, एवढेच पथ्य.

आय-एन-जी मध्ये आपण शेवटी एक ग् टाकतो: ‘गोइंग्-ग’, ‘सिंगिंग्-ग’. इंग्रजीत तिथे ग् नसतो, नुसता ङ् असतो. तक्त्यातला हा बिचारा ङ एरवी मुलांना निरुपयोगी वाटतो. तो वापरायची वेळ ती ही. ‘वाङ्मय’ आणि ‘पराङ्मुख’ नीट म्हणा: जिभेची मागची बाजू टाळूला लागते, आवाज नाकातून जातो, ग् चा स्फोट होत नाही. ‘सिंग’च्या शेवटी जीभ तशीच टाळूला लावून तोंड थांबवायचे, ती झटक्याने सुटली की ग् ऐकू येतो. सिङर (गाणारा) आणि हॅङर यांत ग् नाही, कारण मूळ क्रियापदात नाही. पण तुलनावाचक लॉङ्गर, स्ट्रॉङ्गर, यङ्गर यांत आहे, आणि फिङ्गरमध्येही. बर्मिंगम आणि लिव्हरपूलकडची माणसे सिंगरमध्येही ग् म्हणतात, तेव्हा ज्याला जमत नाही त्याने तिथला असल्याचे सांगावे.

त्या बर्मिंगमवरून आठवले. आपल्या क्रीडा पानावर ‘बर्मिंगहॅम’ आणि ‘नॉटिंगहॅम’ येतात. इंग्लंडातले उच्चार बर्मिंगम आणि नॉटिंगम असे, ह नाही आणि ॲ नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात एक बर्मिंगहॅम आहे, तिथे मात्र हॅम म्हणतात. परगण्यांच्या शेवटचा ‘शायर’ बोलण्यात ‘शर’ होतो: यॉर्कशर, डर्बीशर. लेस्टर, वूस्टर, ग्रेनिच यांची स्पेलिंगे वाचून उच्चार करणाऱ्याची तर खैर नाही. एडिन्बरा आणि पिट्सबर्ग या दोन गावांच्या स्पेलिंगची शेपटी एकच आहे. आपल्या क्रीडा पानाला एक उच्चारकोष्टक भिंतीवर लावता येईल. ‘लॉर्ड्स’ राहू द्या, तो मराठीत मुरला आहे. तरी तिथेही ड् मृदू असल्याने लॉर्ड्झ् हे सुज्ञांच्या लक्षात आले असेलच.

काही शेपट्या स्वत: गप्प राहतात पण सबंध शब्दाचा आघात हलवतात, आणि या बाबतीत शाळेत जवळपास काहीच शिकवले जात नाही. आय-सी, टी-आय-ओ-एन, आय-टी-वाय या तिघी आघात आपल्या लगतच्या अलीकडच्या अक्षरावर ओढून घेतात. ‘फोटोग्राफ’चा आघात पहिल्या अक्षरावर, ‘फटॉग्रफर’चा दुसऱ्यावर, ‘फोटग्रॅफिक’चा तिसऱ्यावर. आघात हलला की बाकीचे स्वर आखडतात, म्हणून ‘फो’चा ‘फ’ झाला. ‘इकॉनमी’चा आघात ‘कॉ’ वर, ‘एकनॉमिक’चा ‘नॉ’ वर. अपवाद बोटांवर मोजण्यासारखे: पॉलिटिक्स, ॲरबिक, कॅथलिक यांत तो पहिल्याच अक्षरावर राहतो. डबल-ई आणि डबल-ई-आर मात्र आघात स्वत:वरच घेतात: एंजिनिअर, व्हॉलंटिअर, ट्रेनी. ‘कमिटी’ हा त्यातला फुटीर, त्याचा आघात ‘मि’ वर. मराठीत आपण सगळी अक्षरे साधारण एका मापाने मोजतो, म्हणून हे ऐकूच येत नाही. टाळी वाजवून शिकवावे: शब्दाला एकच टाळी, ती आघाताच्या अक्षरावर, आणि त्या अक्षराला बाकीच्यांच्या दुप्पट वेळ.

सगळ्या चुकांना सारखे महत्त्व देऊ नये, असे आमचे मत आहे. जादा अक्षर (वॉकेड) आणि चुकीचा आघात यांनी ऐकणारा खरोखर अडखळतो. शेपटी गिळली (‘यस्टर्डे आय वॉक’) तर व्याकरणच चुकल्यासारखे ऐकू येते. ट् च्या जागी ड् आला तर बहुधा समजते. शेवटचा र् आपण उच्चारतो, इंग्लंडातले बरेच लोक उच्चारत नाहीत, अमेरिकेतले बहुतेक उच्चारतात. तो सुधारण्यात वेळ घालवू नये. आणि मराठी बोलताना ‘प्लंबर’लाच बोलवावे, ‘बॉम्ब’च म्हणावे, ‘क्लासेस’लाच जावे. हे आता आपले शब्द आहेत. त्यांतले ब् आणि ‘सेस’ काढून ‘प्लमर आला होता’ म्हणणारा माणूस मराठीही बिघडवतो.

राज्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षे. एवढ्या काळात ई-डीचे तीन उच्चार एकदाही कानावर न पडलेली मुले अकरावीत येतात, कारण तोंडी कामाचे गुण बहुधा पाठांतरावर दिले जातात. आमची शिक्षकांना सूचना अशी की मराठीच्या तासाला व्यंजनसंधी ज्या आठवड्यात असेल त्याच आठवड्यात इंग्रजीच्या तासाला ई-डी आणि एस् घ्यावेत. एक तक्ता, दोन विषय. गाइड छापणाऱ्यांना विनंती अशी की उच्चाराचा रकाना एकतर हलन्त अक्षरांसह नीट छापावा, नाहीतर गाळावा.

आणि आपल्या सदरासाठी: पुढच्या भागात बाकी काही न देता एवढे बारा शब्द उच्चारांसह छापले तरी चालेल. वॉक्ट्, आस्क्ट्, फिक्स्ट्, कॉल्ड्, ट्राइड्, वॉन्टिड्, बुक्स्, बॅग्झ्, बसिझ्, व्हिलिज, क्लायमट, डिसिझन. शेवटच्या शब्दाखाली बारीक टाइपात ‘श् म्हणता म्हणता गुणगुणा’ असे घालावे.

आपले,
इंग्रजी व मराठी विषयांचे काही शिक्षक,
सातारा